न कापलेला काठ

त्याला गावात नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे चकाचक म्हणत. दाढी आटोपली की गिऱ्हाइकाच्या गालावरून हात फिरवून तो स्वतःवरच खूश होत म्हणायचा, "चकाचक." तेच त्याला चिकटलं.

त्याचं सलून ओढ्याकाठच्या गल्लीत होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि खुर्च्यांच्या मागे ओढ्याकडे उघडणारी रुंद खिडकी. त्यामुळे खुर्चीत बसलेल्याला आरशात आधी स्वतःचं तोंड दिसे आणि त्याच्या मागे ओढ्याचा काठ. म्हणून तो काठ चकाचकला स्वच्छ लागायचा. "डोक्यामागे जंगल दिसलं तर गिऱ्हाईक म्हणेल, याला कापता येत नाही," असं त्याचं म्हणणं.

नगरपालिकेने नियम केला, तेव्हा त्याने तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला. नियम साधा होता. ओढ्याच्या दोन्ही काठांना तीस फुटांपर्यंत आपसूक उगवलेलं काही कापायचं नाही, तिथे बांधकाम करायचं नाही, फरशी घालायची नाही. पुढच्याच सुट्टीच्या दिवशी चकाचकने कोयता घेतला आणि सलूनमागचा काठ पाण्यापर्यंत तासून काढला. लव्हाळी गेली, वेत गेले, वाळुंजाची कोवळी रोपं गेली.

पालिकेकडून काठांची पाहणी करायला यायची ती त्याची सख्खी थोरली बहीण.

"हे कुणी केलं?" ताईने विचारलं.

"मीच. बरं दिसतंय ना?"

"नियम ठाऊक होता?"

"ताई, घरच्या माणसाला कसला नियम दाखवतेस?"

"घरच्यालाच आधी दाखवावा लागतो. नाहीतर उद्या या गल्लीत माझं कोण ऐकेल?"

दंड भरून मोकळं व्हावं म्हणून त्याने खिशात हात घातला. ताईने मात्र पिशवीतून खुंट्या आणि दोरी काढली आणि काठाला कुंपणासारखी ताणून बांधली. "तीन वर्षं दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. काही लावायचं नाही, काही उपटायचं नाही."

"मग करायचं काय?"

"काही नाही," ताई म्हणाली आणि निघून गेली.

ज्याचा सगळा जन्म कापण्यात गेला, त्याला याहून जड शिक्षा दुसरी नव्हती. सुरुवातीला नुसता चिखल आणि रानगवत. आरशात ते दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. बायको चेष्टा करायची, "झोपेतसुद्धा बोटं चालतात तुमची. एक दिवस माझ्या वेणीवर येतील." त्याने खिडकीला पडदाही लावून पाहिला, पण उजेड कमी पडून एका गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा झाला, तेव्हा तो काढावा लागला.

पुढच्या वर्षी वेत माणसाच्या उंचीचे झाले. वाळुंजाच्या फांद्या पाण्यावर ओणवल्या. एकदा आरशात निळं काहीतरी चमकून गेलं आणि खुर्चीतले हेडमास्तर फेसाळल्या तोंडाने म्हणाले, "खंड्या होता." तेव्हापासून गिऱ्हाइकं दाढी झाल्यावरही उठेनात. चकाचक वरवर कुरकुरायचा, पण स्वतःही वस्तरा पुसत आरशातच बघत राहायचा.

एका सकाळी तो हेडमास्तरांची दाढी करत होता. ऊन नुकतंच वेतांवर आलं होतं. आरशात त्याला वेतांचे दांडे हलताना दिसले, पण वारा तर नव्हता. वस्तरा खाली ठेवून तो मागच्या दाराने बाहेर गेला. अर्धी दाढी झालेले हेडमास्तर गळ्यातल्या फडक्यासकट त्याच्या मागोमाग.

पाण्यातून किडे वर चढत होते. मातकट, कुबडे, सहा पायांचे. प्रत्येक दांड्यावर एक, कुठे दोन, आणि दोरीच्या आतला सगळा काठ त्यांनी भरलेला. अगदी जवळचा एक थांबला. त्याची पाठ उसवली. त्या फटीतून फिकट हिरवं, मऊ असं काही बाहेर आलं, उलटं लोंबकळलं, मग वळून आपल्याच कातीला धरून बसलं. पाठीवर चुरगळलेल्या चार चिंध्या होत्या. त्या हळूहळू सरळ झाल्या, लांबल्या, काचेसारख्या पारदर्शक झाल्या. ते पंख होते; किड्याचा चतुर झाला होता. बघता बघता तो चतुर थरथरला आणि त्यांच्या डोक्यांवरून उडून गेला. मग दुसरा उडाला, मग किती उडाले कोण जाणे. हवा नुसती चमचमत होती.

दोघेही तोंडात बोट घालून उभे. बातमी गल्लीभर गेली. बायको आली, शेजारचा गॅरेजवाला हात पुसत आला, पाठोपाठ ताईही आली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

"हे होते कुठे?" चकाचकने ताईला हळूच विचारलं.

"पाण्यात. वर्षभर, कधी त्याहून जास्त. बाहेर यायची वेळ झाली की चढायला काडी लागते."

चकाचकला आपला कोयता आठवला. दरवर्षी हे काठापर्यंत आले असतील आणि वर त्याने सगळं साफ करून ठेवलेलं. खांद्यावरचं फडकं काढून तो नुसता पिळत राहिला.

त्याच हिवाळ्यात गॅरेजवाल्याने पालिकेत अर्ज केला, की तीस फुटांचे दहा करावेत, त्याला शेड वाढवायची होती. सभेत चकाचक बोलायला उभा राहिला. "मला भाषण जमत नाही," तो म्हणाला. "पण दहा फुटांत ते चतुर मावणार नाहीत. मी पाहिलंय. माझ्या खुर्चीत येऊन बसा आणि मग मत द्या." लोक हसले, पण पुढच्या आठवड्यात बरेच जण खरंच येऊन बसले. नियम जेमतेम दोन मतांनी टिकला. तडजोड म्हणून काठावरच्या प्रत्येकाला पाण्यापर्यंत एक पायवाट तेवढी मिळाली. गॅरेजवाला अजून त्याच्याकडेच केस कापतो. म्हणतो, "मान तुझ्या हातात असते, म्हणून गप्प बसतो."

मुदत संपली तेव्हा ताईने येऊन दोरी सोडली. पायवाट किती रुंद ठेवायची ते तिने सांगितलं. चकाचक कोयता न घेताच आत शिरला आणि हातांनी वेत बाजूला सारत पाण्यापर्यंत गेला. ताई मागे होती.

"आधीही असंच होतं का गं इथे?"

"याहून दाट होतं. तू पाळण्यात होतास. आई मला कडेवर घेऊन इथे यायची, चतुर दाखवायला. मग घरं झाली, घाट बांधला, आणि ते यायचे थांबले." तिने एक वाकलेला दांडा बोटांनी सरळ केला. "ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं रे. मी नियम करून घेतला, पण खरं सांगू, मला नव्हतं वाटलं."

चकाचकने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर सगळं ठाऊक असणारी ताई, आणि तिचे डोळे भरले होते. तो ओल्या मातीवर तसाच बसला आणि तिला बसायला बाजूला जागा करून दिली.