आठव्या ठोक्याची जागा

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई आहे मी. चूक नेहमी माणसाची असते, मशीनची नाही, हे मी रोज चार जणांना ऐकवते. तरी हे सांगतेच.

२००७ चा जानेवारी. ऊर्जानगरात आमचं क्वार्टर. बाबा पॉवर स्टेशनात फिटर, आणि सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी दंडारीच्या नाचात नावाजलेले ढोलकीवाले. लकव्यानं उजवा हात गेला आणि ढोलकी माळ्यावर गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, लिस्प नावाच्या भाषेनं झपाटलेली. तिच्यात प्रोग्राम चालू असतानाच बदलता येतो — म्हणजे वाजणारा ठेका न थांबवता फिरवता येतो! मी बाबांचाच ठेका त्यात बसवला. आठ ठोके.

बाबांनी ऐकला. "बरा हाय. पण आठवा काऊन वाजून राह्यला? तो नाचणाऱ्याच्या पायाचा. मी तो सोडत होतो. मशीन कोणासाठी जागा सोडत नाई, पोरी."

मला असा राग आला! आठवा मी मुद्दाम तसाच ठेवला.

प्रजासत्ताक दिनाला सकाळी अकरा वाजता कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. स्टेजवर मी, मागे पडद्यावर माझा कोड, बाबा पहिल्या रांगेत. दोन मिनिटं छान चाललं... आणि आठवा ठोका गळाला. वाटलं, स्पीकरची वायर. पण बाकीचे सात खणखणीत! पडद्यावर आठही तसेच दिसत होते. मी कीबोर्डला हातसुद्धा लावला नव्हता. मग लक्षात आलं, त्या रिकाम्या जागेवर कुणीतरी वाजवतंय. बाबा — डाव्या हातानं, खुर्चीच्या हातावर, बरोबर आठव्याला.

"पाह्यलं का!" नंतर ते भेटेल त्याला सांगत होते, "माह्या पोरीनं माह्यासाठी जागा सोडली!" लकव्यानंतर त्यांची मान एवढी ताठ मी पाहिली नव्हती. माझीही तेवढीच ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन तोच प्रोग्राम लावला. आठही ठोके वाजले. शेजारच्या काकांनी कार्यक्रम टेप केला होता. त्या कॅसेटवर मात्र सातच, आणि मग खुर्चीवरची थाप. शंभरदा ऐकलं असेल. कारण आजही सापडलेलं नाही.

बाबांना खरं कधीच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी माळ्यावरून ढोलकी काढून त्यांच्यासमोर ठेवली, आणि कोडमधला आठवा ठोका माझ्या हातानं पुसला.