दोघींचं डाएट

गुबीताईला गुबीताई म्हणायला कुणी परवानगी मागत नसे. पार्लरमध्ये पहिल्यांदा आलेली बाईसुद्धा केस ओले होईपर्यंत तेच म्हणू लागे. हा धंदा ती आणि तिची मैत्रीण भागीदारीत चालवत. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून दोघी एकमेकींचे केस कापत. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या डोक्याला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा शाळेपासूनचा करार.

नव्या फलकावर दोघींचा फोटो टाकायचं ठरलं आणि मैत्रिणीनं डाएटचं खूळ काढलं.

"सकाळी लिंबूपाणी, दुपारी उकडलेल्या भाजीचं पाणी, रात्री अर्धं सफरचंद."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते माझं. दोघींनी मिळून केलं की जमतं गं."

"भाजी टाकून तिचं पाणी पिणारं माणूस मी आजच बघतोय," घरी हे ऐकून गुबीताईचा नवरा म्हणाला. पण गुबीताईनं मनावर घेतलं होतं. काही महिन्यांत तिचे कपडे सैल झाले, गिऱ्हाइकं वाहवा करू लागली. गप्पा मात्र आटल्या, बोटं गार पडू लागली. अगदीच असह्य झालं की ती मैत्रिणीकडे बघे. ती बिचारी सोसतेय, मग आपण कशाला रडायचं?

मग केस गळायला लागले. लोकांच्या केसांवर पोट भरणाऱ्या बाईच्या कंगव्यात स्वतःचेच पुंजके! आणि एका दुपारी हातात ड्रायर असतानाच डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती गिऱ्हाइकाच्या अंगावर कलंडली. गिऱ्हाईक सज्जन. आधी ड्रायर बंद केला, मग आरडाओरडा.

"उपाशी शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळतं. केसांना कोण विचारतो?" डॉक्टरबाई कडाडल्या. "अजून ताणलं असतंत तर हृदयाचे ठोकेही बिघडले असते. पोटभर जेवा, केस येतील हळूहळू. आणखी कोण करतंय हा शहाणपणा?"

गुबीताई तपासणीच्या खाटेवर ताडकन उठून बसली. मैत्रीण!

सुट्टीच्या दिवशी तिनं मैत्रिणीला खुर्चीत बसवलं. हिचंही टक्कल दिसायला लागलं असेल तर सांगायचं कसं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. कंगवा फिरवला. एकही केस आला नाही. मुळाशी बोटं घालून हलकेच ओढून पाहिलं. केस जुन्या भाडेकरूंसारखे, जागा सोडायला तयार नाहीत.

"बये, तू जेवतेस."

आरशातली नजर खाली गेली.

"पहिल्याच आठवड्यात सोडलं गं. सांगणार होते. पण तू इतकी जोरात होतीस, म्हटलं, निदान एकीचं तरी होऊ दे."

"आणि मी पडले तेव्हा?"

"तेव्हा कोणत्या तोंडानं सांगू?"

खाल्ल्याचा राग गुबीताईला नव्हता. भूक लागली की माणूस खाणारच. पण रोज संध्याकाळी "काय गं, कावळे ओरडतायत का?" असं विचारलं की हीच बाई पोटावर हात ठेवून कण्हायची. त्या कण्हण्याच्या भरवशावर आपण उपाशी राहिलो, हे तिच्या घशाखाली उतरेना.

केस मात्र तिनं नीट कापले, दोन्ही बाजू सारख्या. वाकडं कापणं तिच्या हाताला येतच नव्हतं. मैत्रिणीनं उठून खुर्ची झटकली.

"आता तू बस ना."

गुबीताईनं पर्स उचलली, वाकून शटरखालून बाहेर पडली आणि रस्त्यापलीकडच्या पुरुषांच्या सलूनमध्ये शिरली. सलूनवाल्याचा वस्तरा हातातच राहिला.

"ताई, तुम्ही? इकडे?"

"केस कापायचेत," ती खुर्चीत बसत म्हणाली. "विरळ झालेत. जरा सांभाळून."