दादाच्या लॅपटॉपची झोप

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बीडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि ते शोधणं हाच माझा धंदा. लॅपटॉपला नजर लागली म्हणून त्यावरून लिंबू उतरवून आणलेलं गिऱ्हाईकसुद्धा मी बघितलंय... कीबोर्डमध्ये चहा सांडलेला होता. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला वैताग येतोय. पण जे झालं ते झालं.

माझा मोठा भाऊ भास्कर, आमचा दादा, बीडजवळच्या पाली गावात राहायचा. गणिताचा मास्तर. त्याच्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि परत येईपर्यंत सगळं विसरलेली असायची. म्हणून दादा घरीच फळ्यासमोर मोबाईल लावून धडे रेकॉर्ड करायचा, लॅपटॉपवर नीट जोडायचा आणि पोरांच्या घरच्यांच्या फोनवर पाठवायचा. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बसून पोरं ते बघायची.

यंदा श्रावणात दादा गेला. शाळेतून आला, पाणी मागितलं आणि खुर्चीतच गेला. दहावीची भूमिती त्यानं नुकतीच पूर्ण केली होती. ती पाठवायची राहूनच गेली. होती ती फक्त लॅपटॉपमध्ये.

दसरा झाल्यावर वहिनी लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "भावजी, ऊसतोडीचे ट्रक निघायच्या आत तेवढे धडे काढून द्या. पोरं घरी विचारायला येतात हो."

मी म्हटलं, बसा, चहा घ्या, तोवर देतो. इतका सोपा वाटला होता मला तो प्रकार!

त्या लॅपटॉपला दोन ड्राइव्ह. छोटीवर विंडोज, आणि मोठी म्हणजे जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क – डी ड्राइव्ह. दादाचं सगळं डीवर. लॅपटॉप चालू केला की डी दिसायची, कॉपी लावली की जराशी पुढं सरकायची, आणि डी गायब! रीस्टार्ट केलं की परत हजर, जसं काही झालंच नाही. वहिनी चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेल्या.

हे दुखणं माझ्या ओळखीचं. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या डिस्कला झोपवतं. काही डिस्क झोपतात त्या उठतच नाहीत, आणि मशीनला वाटतं की डिस्क कुणी काढूनच नेली. उपायही ठरलेला – पॉवर सेटिंगमध्ये जायचं, डिस्क बंद करण्याची वेळ 'कधीच नाही' अशी ठेवायची, आणि डिस्कच्या जोडणीवरची वीजबचतही बंद करायची. केलं. कॉपी लावली... डी गायब. सेटिंग उघडून बघतो तर सगळं पहिल्यासारखं.

तो उद्योग बॅटरी वाचवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा निघाला. ते काढून टाकलं. आता सेटिंग टिकली, पण डी काही टिकेना. ड्रायव्हर बदलला. बायोस अपडेट केलं. कनेक्टर पुसला. डिस्क बाहेर काढून केबलनं दुकानातल्या मशीनला लावली, तर तिथं आणखी लवकर गेली. अशा डिस्कच्या आत तिची स्वतःची वेगळी झोप असते, तीसुद्धा एका टूलनं बंद केली. काही उपयोग नाही. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही, की कॉपी चालू असताना डिस्क रिकामी नसतेच! मग ही बया झोपतेय कशाला?

दुसऱ्यांची कामं तशीच पडून राहिली. एक जण तर दुकानातच भांडून गेला. वहिनींचा फोन आला की मी उगाच 'होतंय, होतंय' म्हणायचो. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या भावजी. नसेल नशिबात." त्यांनी रागवायला हवं होतं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

डेटा काढून देणारा एक मित्र संभाजीनगरला आहे, पण तो म्हणाला महिना तरी लागेल. पालीतला पहिला ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवली आणि दुपारी जेवून गाडीवर पालीला गेलो. जमलं नाही हे फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

माझी माय दादाकडंच असते. ती दिवाणावर बसून शेंगा फोडत होती. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. लॅपटॉप मायच्या शेजारी ठेवला आणि म्हटलं, देण्याआधी एकदा शेवटचं बघू. पेनड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, आणि नेमकी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला. बॅटरीवर तर ही डिस्क श्वाससुद्धा घेत नव्हती. झालंच तसं. यादीतून डी नाहीशी.

"झोपली परत," मी कपाळाला हात लावला.

मायनं विचारलं, "कोण झोपलं?"

"दादाची डिस्क. त्याचे धडे हायत तिच्यात. उठतच न्हाई."

मायनं हातातली शेंग खाली ठेवली. लहानपणी शाळेसाठी उठवताना दादाच्या पाठीवर ठेवायची तसा लॅपटॉपवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "भास्कर, ऊठ बाबा. लेकरं खोळंबलीत."

बस, एवढंच. परत शेंगा फोडायला लागली. मला भरून आलं आणि रागही आला – कशाला हा तमाशा केला मी हिच्यासमोर? झाकण लावायला हात पुढं केला, आणि बघतो तर कॉपीची हिरवी पट्टी सरकत होती.

यादी बघितली, डी नाही. डिस्कांची सगळी माहिती जिथं दिसते ती खिडकी उघडली. तिथंही एकच डिस्क, विंडोजची. लॅपटॉपच्या बुडाला हात लावला. फिरणारी डिस्क असली की बारीक थरथर लागते हाताला. काहीच नव्हती. आणि पट्टी सरकतच होती.

मी हात मागं घेतला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून तिथंच उभ्या राहिल्या. पट्टी पूर्ण भरली. मग पेनड्राइव्हवरचा पहिला व्हिडिओ लावला. दादा खडू हातात घेऊन म्हणाला, "हं, इकडं बघा आता." वहिनी कप घेऊनच खाली बसल्या.

संध्याकाळपर्यंत घरोघरी जाऊन लोकांच्या फोनवर सगळे धडे टाकले. एकही फाईल खराब निघाली नाही.

आता कारण. फाईली आधीच मेमरीत आल्या असतील म्हणावं, तर त्या लॅपटॉपची मेमरी एवढी नाहीच. यादी ताजी झाली नसेल म्हणावं, तर मी दोन्हीकडं बघितलं. मित्र म्हणतो, तुझ्या बघण्यात चूक झाली. असेल... पण हा धंदा काय मी काल सुरू केलाय?

पुढच्या रविवारी मी परत पालीला गेलो. तोच दिवाण, तसाच बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. मायला म्हटलं, एकदा हात ठेव आणि तसंच म्हण. तिनं ठेवला नाही.

"काम झालं न्हवं त्याचं? आता कावून उठवतो? निजू दे."

मीच सगळं करून बघितलं. डिस्क उठली नाही. त्यानंतर ती कुठल्याच मशीनवर दिसलेली नाही. सेटिंग बदलून बऱ्या होणाऱ्या डिस्क दुकानात अजून येतात, बऱ्या होऊन जातातही. ही एकच मला कळली नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. फक्त पॉवर सेटिंग बघा असं सांगू नका, हात जोडतो.