भांडं कोमट झालं का?

द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबले होते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या रमेशदादांचा फोन आला. "ताई, गाडी सावकाश चालवा... वसुधा मॅडम गेल्या." मागचे हॉर्न वाजत राहिले. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते.

मॅडम माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक. धातूच्या पावडरीत हायड्रोजन साठवायचा आणि हवा तेव्हा परत काढायचा, यावर त्या कॉलेजात कित्येक वर्षं काम करत होत्या. त्यांचं लहानपण एकलहऱ्याच्या कॉलनीत गेलं, वडील वीज केंद्रात होते. चिमणीतून एवढी उष्णता फुकट जाते, याची त्यांना तेव्हापासून हळहळ. पावडर हायड्रोजन शोषताना थोडी ऊब सोडते, तीही वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पावडरीच्या भांड्याला उष्णतेची वीज करणारी एक छोटी चकती चिकटवली होती. वीज नावापुरतीच यायची, पण मीटर हलला की त्या दिवसभर खूश. मी इंग्रजी माध्यमातली, त्यात अबोल. मीटिंगमध्ये गप्प बसले की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा पावडरीतून हायड्रोजन काढणं सोपं."

त्या संध्याकाळी मी सांगितलं, पावडरीच्या नव्या नमुन्याने खूप वायू घेतला, भांड्यातला दाब भरपूर उतरला. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच प्रश्न आला, "भांडं कोमट झालं का?" दाब दोन कारणांनी उतरतो. पावडरीने वायू शोषला तर भांडं तापतं. नळीच्या जोडातून गळला तर थंडच राहतं. चकतीची तार तुटली होती आणि भांड्याला हात लावायचं मला सुचलं नव्हतं. "उद्या बघते, मॅडम," म्हणाले. त्या उद्याची त्यांनी वाट पाहिली असेल का...

दहाव्यानंतर मी मोजणी पुन्हा केली. दाब तसाच उतरला, भांडं थंड. जोडावर साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडे आले. विभागातले पाटील सर, मॅडमचे जुने सहकारी, म्हणाले, "अगं, शेवटचा पेपर आहे त्यांचा. आधीचाच आकडा जाऊ दे. श्रद्धांजली होईल." मी खाली बघत म्हणाले, "नको, सर. मॅडमनीच परत पाठवला असता." सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर एवढ्या थंडीत प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. हायड्रोजनचं काम असलं की मॅडम आधी खिडक्या उघडायच्या, आणि काम संपल्यावर त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत कुणाला लावू द्यायच्या नाहीत. सर कानटोपी घालून, हातात पाना घेऊन नवा जोड बसवत होते. "सुरू कर," एवढंच म्हणाले.

आकडा निम्म्याहूनही कमी आला. भांडं मात्र कोमट होतं. पेपर आता हाच आकडा घेऊन जाईल. तो ऐकून मॅडम हिरमुसल्या असत्या की हसल्या असत्या, मला कधीच कळणार नाही. रमेशदादांनी चहा आणला. सरांची बोटं गारठली होती, मलाही हुडहुडी भरली होती. तरी चहा संपेपर्यंत खिडक्या लावायला कुणी उठलं नाही.