माझ्या डोक्यावरची शपथ

ऐका, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चुका झाल्या तर झाल्या, नंतर बघू.

आमचे पप्पा गवंडी. कनेरगाव नाक्याला कितीतरी घरं त्यांच्या हातची. पण आता दारूपायी लावलेली वीट सरळ बसत न्हाई. आणि ते दारू सोडतात कशी, माहितीय? मला समोर बसवायचं, डोक्यावर हात ठेवायचा, "लेकराची शपथ, थेंब घेणार न्हाई." आतापर्यंत चार वेळा झालं. चौथी मोडली त्याच आठवड्यात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरून राहिल्या, सलाइन चालू, आणि मम्मी वॉर्डाच्या दारातच पप्पाला म्हणली, "बघा, लागली तुमची शपथ."

आमच्या घरात असलं मानत न्हाईत हो! दाराला लिंबू-मिरची न्हाई, विहारात वंदना, पंचशील तोंडपाठ. फक्त पाचवं शील आलं, नशा करणार न्हाई म्हणायची वेळ आली, की पप्पाचा आवाज एकदम खाली जातो. पण मानत न्हाई म्हणून भीती वाटत न्हाई का? पप्पाला पक्कं वाटतं की मला त्यांनीच आजारी पाडलं. त्या धास्तीनं अजूनच पितात. आणि मी? नुसतं डोकं दुखलं तरी पहिलं मनात येतं, पप्पा आता कुठं असतील?

रविवारी जेवणं झाल्यावर पप्पाची परत हाक आली. "ये गं, बस."

"न्हाई बसत."

"काहून? बापावर भरोसा न्हाई?"

"बापावर आहे. हातावर न्हाई."

मम्मी हसली, पप्पा न्हाई हसले. मी मोबाईलवर शोधून ठेवलं होतं, दारू सोडलेली माणसं रविवारी चार वाजता हिंगोलीत एका शाळेत बसतात. म्हणलं, एकदा चला. पप्पा तयार झाले, पण एका अटीवर. मिटिंग झाली की मी शपथेला बसायचं. आणि मी व्हय म्हणून बसले!

स्कुटीवर पप्पा मागं. रस्त्यानं ढाबा आला की त्यांची पकड माझ्या खांद्यावर घट्ट व्हायची. मॅपनं शाळेसमोर नेलं, तर फाटकाला कुलूप. चार वाजून गेलेले. विचारायचं कुणाला? आणि काय म्हणून? समोरच देशीचं दुकान. पप्पा तिकडं बघत म्हणले, "बंद हाय. चल घरी. मी जरा पाणी पिऊन येतो."

दुकानाच्या पायरीवर एक माणूस ग्लास घेऊन बसलेला. तोच ओरडला, "मिटिंग हुडकून राहिले का? मागच्या गल्लीतून दार हाय. मी बी जात होतो."

"मंग सोडलं काहून?" पप्पांनी विचारलं.

"शपथ घेतली ना दादा! पोराच्या डोक्यावर हात ठेवून. म्हणलं, आता मिटिंग कशाला?"

"आणि पोरगं?"

त्या माणसानं ग्लास पायरीवर ठेवला. मग म्हणला, "जावा. उशीर होऊन राहिला."

आम्ही गेलो. एका वर्गात लेकरांच्या बाकांवर पाच-सहा माणसं अवघडून बसलेली, थर्मासात चहा. मी व्हरांड्यात. तिथलं ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून मी फक्त पप्पाचंच सांगते. ते एकदम उठून दारात आले आणि म्हणले, "ये गं. सगळ्यांसमोर घेतो." हात वर! मी व्हरांड्यातच थांबले. मागून एक पांढऱ्या केसांचे काका आले.

"मिस्त्री, लेकराला मधी आणू नका. इथं शपथ न्हाई. आज प्यायची न्हाई, बस एवढंच."

"आणि उद्या?"

"उद्या मला फोन करा. रविवारी या."

"पेलो तर?"

"तरी या."

पप्पांचा हात तसाच वर राहिला. येताना स्कुटीवर म्हणले, "हे लोक तर काहीच बांधून घेत न्हाईत. मी कशाच्या भरोशावर थांबू?"

आज चौथा दिवस. पप्पा प्याले न्हाईत. रोज संध्याकाळी काकांना फोन करतात, दोन वाक्यं बोलतात, ठेवतात. आणि माझ्या डोक्याकडं बघत बसतात. सकाळी मी वेणी घालत होते तर आरशात दिसले, मागं उभे, हात अर्धा उचललेला. मी डोकं बाजूला घेतलं. मुद्दाम न्हाई, आपोआप झालं. ते चप्पल घालून गेले. त्यांचा फोन इथंच खाटेवर पडलाय. मिस्त्रीकामाची थैली पण इथंच. दोन तास झाले. मम्मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन दोनदा बघून आली.

मी बसले असते हाताखाली तर पप्पा थांबले असते का? की परत तेच? खरं सांगा, तुमच्या डोक्यावर हात ठेवून कुणी अशी शपथ घेतलीय का? तुमी डोकं दिलं, का बाजूला घेतलं?