मंडईचे पाहुणे

जिल्हा फुटला तेव्हा विमलाबाई रंगारींचं आरोग्य केंद्र गोंदियाच्या वाट्याला गेलं आणि त्यांची नर्सची उरलेली नोकरी तिकडेच सरली. रिटायर झाल्यावर त्यांनी साकोलीत, हायवेमागच्या एका लेआऊटमध्ये घर बांधलं. नवरा आधीच गेलेला, मुलगा सुगत पुण्याला. गल्लीत ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं, म्हणून त्या नगर विकास मंडळात शिरल्या. चार माणसांची ओळख होईल, कोणी दारात येऊन "बाई, चहा मांडा" म्हणेल, एवढीच त्यांची आशा.

मंडळ म्हणजे काय, तर ढीगभर फेटे आणि एक झाडू. फेटे एकमेकांच्या सत्काराचे, झाडू विमलाबाईंच्या हातात. श्रमदानाच्या दिवशी बाकीचे फोटोपुरते वाकत आणि मग टपरीवर बसून समाजकार्यावर बोलत. अध्यक्ष कृष्णराव, निवृत्त हेडमास्तर. हाती माईक आला की सोडवत नसे. "आपलं मंडळ म्हंजे एक कुटुंब आहे," हे प्रत्येक भाषणात असायचंच. विमलाबाई टाळ्या वाजवत. पहिल्या वर्षी तर अगदी मनापासून.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. रात्री नाटक, दिवसा घरोघर पाहुणे. ज्या घरी मंडईला पाहुणा नाही, त्या घराकडे लोक कीव आल्यासारखं बघतात. लेआऊटनेही आपली मंडई सुरू केली आणि वडशाहून येणारे नाटकवाले घरोघर जेवायला वाटून द्यायची रीत पडली. हिरो कोणाकडे, हिरोईन कोणाकडे, यावरून बायकांत आठवडाभर रुसवेफुगवे चालत. विमलाबाईंच्या वाट्याला मात्र कोणीच येत नसे.

"बाई, तुमी एकट्या. तुमाले कायले तरास द्याचा?" पहिल्या वर्षी कृष्णराव म्हणाले. विमलाबाईंना ते खरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "मले तरास नाही जी. दोघं द्या नं माह्याकडे."

कृष्णरावांनी छताकडे पाहिलं. "आपल्याले काही नाही, बाई. पण थे लोक दुरून येतेत. पाहुण्याचं मन पाहा लागते."

पलीकडच्या गल्लीतली सुंदरबाईही एकटीच राहायची. तिच्याकडे दोघे जेवून गेले. तिच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती नव्हती, एवढाच काय तो फरक.

विमलाबाईंना रडू आलं नाही, किळस आली. यांच्यासारख्यांच्या किती घरची बाळं त्यांनी या हातांवर झेलली होती. तेव्हा कोणाला कोणाचं मन पाहावं लागलं नव्हतं. दुसरी कोणी असती तर मंडळ सोडून घरी बसली असती. पण त्यांना पाहुणा हवा होता आणि तो मंडईलाच हवा होता.

तिसऱ्या वर्षी कामं वाटताना बसस्टँडवरून नाटकवाल्यांना आणून घरोघर पोचवायचं काम कोणालाच नको होतं. कृष्णरावांना एकदम समाजसेवा आठवली. "हे विमलाबाईले द्या. त्यायले धावपळीची सवय आहे." टाळ्या वाजल्या. ज्या बाईकडे एक पाहुणा पाठवायला जीव जात होता, तिच्याच हाती आपण सगळे पाहुणे देतो आहोत, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मंडईच्या दिवशी नाटकवाले गाडीतून उतरले. विमलाबाईंनी काही लपवलं नाही. "तुमची घरं ठरली आहेत, तिकडे पोचवतो. पण मी बौद्धाची बाई आहे, माह्याकडेबी कोंबडी शिजली आहे. ज्याले चालते त्यानं माह्या घरी चालावं."

नाटकातला खलनायक देवाजी म्हणाला, "बाई, आमी रोज नव्या गावात जेवतो. रस्सा तिखट आहे का, तेवढं सांगा." आणि सगळेच त्यांच्या मागे निघाले.

इकडे घरोघर रांगोळ्या वाळल्या, वडे गार झाले. शोधत शोधत कृष्णराव आले ते थेट विमलाबाईंच्या फाटकाशी. अंगणात पंगत बसलेली.

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"पाहुण्यायले जेवू घालून राहिली. तुमचंबी ताट मांडलं आहे. या, बसा. आपलं मंडळ म्हंजे कुटुंब आहे नं जी?"

पंगतीतले हात थांबले. कृष्णरावांनी ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "आज माहा उपास आहे," ते म्हणाले.

मंडईच्या दिवशी उपास! देवाजीला हसता हसता ठसका लागला.

कृष्णरावांच्या मागोमाग त्यांची बायको गोदावरीबाई आपल्या वाट्याचा हिरो शोधत आली होती. "कायचा उपास? सकाळपासून कोंबडी शिजवून बसली मी!" ती ओरडली. नवऱ्याला बाजूला सारून ती आत आली, चपला काढल्या आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या ताटावर बसली. पहिला घास खाल्ला, मान डोलावली. "विमलाबाई, रस्सा वाढा अजून थोडा."

विमलाबाईंनी भांडं उचललं. गोदावरीबाईची वाटी काठोकाठ भरली.

बायकोचं जेवण होईपर्यंत कृष्णराव फाटकाबाहेर उभे राहिले. आत यायची हिंमत नव्हती आणि घरी जाऊन हाताने वाढून घ्यायची सवय नव्हती.