जहाजाची खांदशेकणी

"डब्बा खोलो! पहले डब्बा खोलो!" बंदूकवाला शिपाई असा ओरडला की मुंबईचा समुद्र दोन हात मागं सरला.

"खोलतो ना बापा! कावून बोंबलून राह्यला? लोनी हाये!" गुलाबकाका त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. समुद्र आणखी दोन हात सरला.

डब्यात खरंच लोणी होतं. हळद कालवलेलं, वर पळसाची पानं. अकोटहून अकोल्यापर्यंत एसटीनं आणि पुढं रेल्वेनं, ओल्या फडक्यात गुंडाळून काकांनी ते मांडीवर आणलं होतं. मला सोबत घेतलं ते डब्याला वारा घालायला.

काका आमचे शेजारी. अकोटला वांगी-कोथिंबिरीचा मळा. पण त्याआधी पंधरा वर्षं ते नौदलात होते, एकाच युद्धनौकेच्या इंजिनघरात. तिथल्या घरघरीवर बोलायची सवय अशी जडली, की मळ्यात त्यांनी "ये गा!" म्हटलं की पार अकोल्यापलीकडं पातूरला कोणीतरी 'ओ' द्यायचं. "इंजिनापाशी हयू बोलनारा मानूस मुकाच समजा," असं त्यांचं म्हणणं.

नौदलात जहाजाला बाई मानतात, हे त्यांना कधी पटलं नाही. "एवढं ओझं वायते, तो बैलच." राखाडी रंगावरून त्याचं नावही त्यांनी ठेवलं होतं, करड्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचो आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचो. काका त्यानंतर पश्चिमेकडं तोंड करून आणखी एक आवतण जास्तीचं द्यायचे. पोहोचतही असेल. आवाज तर तुम्ही ऐकलाच.

तर तो करड्या नौदलातून निवृत्त होणार, जुन्या खलाशांनी निरोपाला यावं, असं पत्र आलं. काका दोन दिवस गप्प बसले. अकोटात अशी शांतता पसरली की डॉक्टर न बोलावता घरी आले. तिसऱ्या दिवशी काकांनी काकूंकडं लोणी मागितलं.

"पोया नाही, अमावस्या नाही," काकू म्हणाल्या. "लोकं हासतीन ना!"

"हासू दे. त्याले कुठं पुढचा पोया पाह्याचा हाये? पंधरा वर्सं राबला माह्यासंग. खांद न शेकता दाव्यावरून सोडला, तं मले माह्याच तोंडाकडं पाहवनार नाही."

आणि आता जहाजाच्या शिडीपाशी आम्ही अडकलो होतो. सूर्यास्ताला झेंडा उतरला की जहाज नौदलाचं राहणार नव्हतं, मग वर कोणालाच जाता येणार नव्हतं. सूर्य बुडायला उणापुरा अर्धा तास. शिपाई तर खांबासारखा रोवलेला.

आरडाओरडा ऐकून पांढऱ्याशुभ्र गणवेशातली एक तरुण अधिकारी आली. जहाजाची इंजिनिअर, आपल्या नाशिककडची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ओठ दाबत विचारलं, "पण काका, जहाजाला खांदा असतो कुठं?"

मी मनात म्हटलं, संपलं. घ्या लोणी, चला अकोटला.

काका म्हणाले, "बाई, पंखा पान्यात फिरते. त्याचा रेटा दांड्यातून मांगून येते. तो रेटा जहाज जिथं अंगावर घेते, तो ठोकया रोज पाह्यता ना तुमी? जू तिथंच बसते."

तिचं हसू गेलं. ती काकांकडं पाहत राहिली, मग घड्याळाकडं. "चला. पटकन."

साठी उलटलेले काका इंजिनघराच्या उभ्या शिडीवरून खारीसारखे उतरले. मी मधल्या भोकात असा अडकलो, की जहाजाची निवृत्ती आता सहा महिने लांबते! शेवटी तिनंच खालून पाय ओढले. इंजिनं थंड होती. तिनं विजेरी धरली. काकांनी पळसाच्या पानानं त्या ठोकळ्यावर लोणी चोळलं, कडेकडेनं, जराही घाई न करता. मग वाकून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "लय वढलं बापा तुनं. आवतन घे."

'उद्या जेवाले ये' ते म्हणाले नाहीत.

पान त्यांनी तिच्यापुढं धरलं. "तुमीबी लावा, बाई. तुमच्याबी हाताखाली राबला तो." तिनं लावलं. मीही लावलं.

वर आलो आणि बिगुल वाजला. झेंडा सावकाश खाली आला. काका ताठ उभे, सॅल्यूट ठोकून. चेहरा पंगतीतून पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा.

नंतर चहापाण्याच्या वेळी, छातीवर पदकांचं अख्खं दुकान लावलेले एक मोठे साहेब तिच्यासमोर थबकले. तिच्या पांढऱ्या बाहीवर कोपरापर्यंत हळद. हे काय आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. काकांनी घसा खाकरला. मी डोळे मिटले.

ती म्हणाली, "सर, एक काम बाकी था. हो गया."